बाईंची रंगीत तालीम

"समोर कोण आहे?" बाईंनी विचारलं.

काचेच्या अलीकडून मी बटण दाबलं. "कुणी नाही, बाई. माईक आहे."

"माईक मलाही दिसतोय. ही म्हातारी कुणाशी बोलतेय, ते विचारते मी."

"ते सांगता येत नाही."

"बरं. तो लहान आहे की मोठा? जवळ उभा आहे की लांब? एवढं तरी सांगशील?"

"तेही नाही सांगता येत. तुम्ही फक्त वाक्य म्हणा. 'थांब. पायाखाली बघ.'"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद बाजूला ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे काही वेळ नुसतं बघितलं. मग ते वाक्य म्हटलं. हेडफोन घालून बसलेली मी, माझंच लिहिलेलं ते वाक्य, आणि तरी मी खरोखर पायाखाली बघितलं.

नलिनी खरवंडीकर हे नाव आता फारसं कुणाला आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हतं. एके काळी सांगली-मिरजेपासून बेळगावपर्यंत त्यांच्या नाटकांचे दौरे व्हायचे. मंडळी फुटली, यजमान गेले, आणि बाई सत्तरी ओलांडून फुलेवाडीतल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या. आमच्या संग्रामच्या आईनं लहानपणी त्यांची नाटकं बघितली होती, म्हणून नाव निघालं. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "प्रयोग कुठल्या गावाला आहे?"

संग्राम मगदूमची व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी कोल्हापुरात राजारामपुरीत एका दाताच्या दवाखान्याच्या वर होती. कंपनी म्हणजे संग्राम, त्याच्या वडिलांनी कुरकुरत दिलेली जागा आणि आम्ही मूठभर माणसं. प्रत्येकाच्या गळ्यात दोन-तीन कामं. खेळातले संवाद मी लिहायचे आणि ते बोलून घ्यायचं कामही माझंच.

खेळ होता काळदरी नावाच्या एका कल्पित किल्ल्याचा. किल्ला पडलाय, सगळे मेले किंवा पळाले, आणि सुभान्या नावाचा एक कोवळा पहारेकरी आत अडकलाय. त्याला एकेका दरवाजातून बाहेर काढते ती एका म्हातारीची वाणी. उजवीकडं वळ, थांब, श्वास धर. खेळणारा शेवटपर्यंत तिच्या भरवशावर चालतो, आणि अगदी शेवटी त्याला कळतं की शत्रूचं सोनं घेऊन महादरवाजा उघडला तो तिनंच. सगळ्या खेळाचा जीव या एका गोष्टीत होता. ती आधी फुटली की खेळात काही राम उरणार नव्हता.

म्हणून गुप्तता. पैसा घालणाऱ्या बेंगळुरूच्या कंपनीचा आधीचा एक खेळ बाजारात येण्यापूर्वीच फुटला होता. त्यांचं दुधानं तोंड पोळलेलं, त्यामुळे आमचं ताक ते फुंकून पीत होते. ऑफिसात शिरताना मोबाईल पत्र्याच्या डब्यात टाकायचे. खेळाचं नाव उच्चारायचं नाही, त्याला 'भडंग' म्हणायचं. त्यामुळे चहाच्या टपरीवर आम्ही "भडंग कुठवर आलं?" "भडंगात तिखट कमी पडतंय" असं गंभीर चेहऱ्यानं बोलायचो आणि टपरीवाल्याला आम्ही फरसाणाचे व्यापारी वाटायचो.

विट्याहून आई फोनवर विचारायची, "काय लिहितीस गं एवढं?" मी म्हणायचे, "आहे असंच." "कुठं छापून येतंय?" "येत नाही." शेवटी तिनं पाहुण्यारावळ्यांत सांगून टाकलं की शलाका टायपिंग करते. मला हसू यायचं, पण त्यात दुःखही होतं. दिवसभर लिहायचं आणि ऐकवायला जगात एक माणूस नाही. संध्याकाळी खोलीवर जाऊन मी पोळीभाजी खायचे आणि कुणाशीही न बोलता झोपायचे.

बाईंना मी फक्त त्यांचीच वाक्यं देत असे, तीही उलटीसुलटी करून, म्हणजे त्यांना गोष्टीचा ताकास तूर लागू नये. सुभान्या, काळदरी ही नावं त्या वाक्यांत येऊन जायची, पण ती कुणाची ते मी सांगत नसे. सुभान्याचं एकही वाक्य त्यांच्या कानावर पडू द्यायचं नाही, असा नियमच होता. नटाला याहून मोठी शिक्षा नसेल. "चाळीस वर्षं समोरच्याचं शेवटचं अक्षर धरून बोलत आले मी," बाई एकदा म्हणाल्या. "त्यानं बोलणं टाकलं की आपला श्वास उचलायचा. इथं कोणी टाकतच नाही. निदान तू हूं तरी म्हण." दुसरा आवाज ध्वनिमुद्रणात चालत नव्हता. मी काचेमागून नुसती मान हलवली, आणि त्या हलत्या मानेवर बाईंनी ती सगळी दुपार काढली.

शेवटच्या दिवशी त्यांनी म्हटलं, "दार मीच उघडलं होतं." एवढंच. मग हेडफोन काढून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हे शेवटचं ना?"

"कशावरून?"

"एवढं वजन कोणी मध्येच उचलायला लावत नाही. असो. रंगीत तालीम कधी?"

"रंगीत तालीम नसते बाई आमच्यात."

"मग प्रयोग कसा करता?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. मी नियमाप्रमाणे त्यांच्याकडून सगळे कागद परत घेतले. पाठ झालेलं कसं परत घेणार?

दोनेक आठवडे गेले. एका सकाळी संग्रामचा फोन आला. "खातपीत बसू नकोस. हाय तशी ये."

ऑफिसात तो एकटाच होता. लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाला, "ऐक."

पहिलं अक्षर उमटायच्या आधीच मी ओळखलं. बाईंचा श्वास. मग दारावर थाप पडली, म्हणजे कुणीतरी लाकडावर हात आपटला.

"कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण? नाव सांग."

"आता नावही सांगायला लागणार?"

विचारणारा आवाज म्हातारीचा होता, उत्तर देणारा एका थकलेल्या पुरुषाचा. पण दोन्ही बाईच काढत होत्या. त्यातली म्हातारीची वाक्यं बहुतेक माझी होती. पुरुषाची मी कधी लिहिलेलीच नव्हती. कितीतरी वर्षांपूर्वी परागंदा झालेला मुलगा, मध्यरात्रीची थाप, कडी काढणारे हात, आणि मग आत शिरलेली फौज. शेवटी म्हातारी कुणाला तरी सांगते, "दार मीच उघडलं होतं, सुभान्या. मला वाटलं, काळदरीला माझा लेक आला."

क्लिप संपली. संग्राम माझ्याकडे बघत होता.

"हे मधलं कुणी लिहिलंय? तू?"

"नाही."

"मग कुणी? आपल्या खेळात पोरगा कुठं हाय?"

"नाहीच आहे."

तोवर निघालेल्या आमच्या पहिल्या जाहिरातीत काळदरी आणि सुभान्या ही दोन नावं येऊन गेली होती. तेवढ्यावरून पोरांनी दोन आणि दोन चार केले आणि 'काळदरीचा शेवट फुटला' म्हणून ही क्लिप सगळीकडे फिरायला लागली. खाली लोकांनी भरभरून लिहिलं होतं. कुणी म्हणे ऐकताना रडू आलं. कुणी म्हणे एवढं ऐकल्यावर खेळ घेणारच. माझ्या लिहिण्यावर पहिल्यांदाच जगानं तोंड उघडलं होतं आणि त्यांना जे आवडलं होतं, नेमकं तेच माझं नव्हतं. मला बाईंचा हेवा वाटला. अगदी चांगला, पोटात दुखेल असा वाटला.

बेंगळुरूच्या त्या कंपनीतून श्रीनिधीचा फोन आला. तो कधी आवाज चढवायचा नाही, त्याचीच भीती जास्त. कुठून फुटलं ते उद्यापर्यंत सांगा, आणि हे तुमच्या खेळातलं नाही असं छातीठोक म्हणता येणार नसेल तर आपण इथंच थांबू. फोन ठेवल्यावर संग्रामनं पत्र्याच्या डब्याकडे बघितलं. बिचारा डबा निर्दोष होता.

"जा," तो म्हणाला. "बाईंनी कुणाला दिलं, का दिलं, इचारून ये. रागावू नकोस मात्र."

मी बेल दाबली तसं दार उघडलं. कोण म्हणून विचारलंही नाही. बाई दारात उभ्या, केस नीट बांधलेले, घरातही कपाळाला ठसठशीत कुंकू. ते त्यांनी यजमान गेल्यावरही सोडलं नव्हतं.

"ये ये. मला वाटलंच कोणीतरी येईल."

बैठकीच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या तीन रांगा करून मांडलेल्या होत्या. मी मधल्या एका खुर्चीवर टेकले. कसं सुरू करावं कळेना.

"बाई, ती क्लिप सगळीकडे पसरलीय."

"हो?" त्या माझ्या समोर येऊन बसल्या. डोळे चमकले त्यांचे. "कोणी ओळखलं का?"

मी याच्यासाठी तयार नव्हते. "बाई, ते बाहेर जायला नको होतं. तुम्ही सही केली होती ना, कुठं काही सांगणार नाही म्हणून?"

"केली होती. कागदावर होतं की प्रसिद्धी करायची नाही. मी केली का प्रसिद्धी? ना पेपरात दिलं ना कुठं बोर्ड लावला. रंगीत तालीम घरचीच असते, शलाका. चार माणसांनी बघितल्याशिवाय मी जन्मात पडद्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. तुमच्यात नसते म्हणालीस, म्हणून म्हटलं आपली आपण करावी."

"आणि ही वाक्यं? मुलाची?"

"ती जुळवली. समोरच्याशिवाय कसं करू? तू काही सांगितलं नाहीस. मग मीच विचार केला, ही कुणाशी बोलत असेल."

हळूहळू सगळं बाहेर आलं. रविवारी संध्याकाळी त्यांनी तालीम ठेवली होती. इमारतीत दारोदार जाऊन आमंत्रण केलं होतं, सोसायटीच्या हॉलमधून खुर्च्या आणवल्या होत्या, शिरा केला होता. पाच वाजले, सहा वाजले.

"कोण आलं?"

"खालचे पाटकी आले होते. पाण्याचं काय झालं म्हणून विचारून गेले."

त्यांनी हे हसत सांगितलं. मला हसता येईना.

"मग म्हटलं, आता नेसून-सवरून बसलेच आहे, तर करूया. पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर मोबाईल ठेवला. रेकॉर्डिंग चालू केलं. खुर्चीत कुणीतरी पाहिजे ना. आणि नंतर ते आमच्या मंडळींच्या ग्रुपवर टाकलं."

मंडळींचा ग्रुप म्हणजे त्यांच्या जुन्या नाटक मंडळीतले उरलेसुरले लोक. त्यात सकाळी फुलं यायची, दुपारी औषधांचे उपाय, आणि महिन्या-दीड महिन्याला कुणालातरी भावपूर्ण श्रद्धांजली.

"खाली नाव लिहिलंत?"

"मुद्दाम नाही लिहिलं. नाव घातलं की कौतुक करतातच लोक, करावंच लागतं. बिनानावाचं ऐकून कुणी म्हणालं, अरे ही तर आपली नलू, तर ते खरं." त्यांनी पदराचं टोक सारखं केलं. "कुणी काही म्हणालं नाही. त्यानंतर एकाच्या नातवाचा केक आला. मी रोज बघत होते."

ग्रुपवरच्यांना तो इकडून तिकडे आलेलाच एखादा तुकडा वाटला असणार. कुणीतरी पुढे ढकलला, त्यानं आणखी पुढे, आणि असा तो सुभान्याचं नाव ओळखणाऱ्या पोरांपर्यंत पोचला होता. यात चोर असा कुणी नव्हताच.

मी त्यांना खरी गोष्ट सांगितली. नियम आता कुणासाठी पाळायचा होता? म्हातारीनं दार सोन्यासाठी उघडलं होतं, तिला मूलबाळ नव्हतं, असं माझ्या कागदावर होतं.

बाईंनी बराच विचार केला. "सोन्यासाठी? नाही गं. सोनं घेतलेली बाई त्या पोराला एवढं जपून का नेईल? 'थांब, पायाखाली बघ' असं परक्याला कोण म्हणतं? ज्याची वाट बघून डोळे शिणलेत, त्याच्यासारखा कोणी दिसला, तरच." मग जरा थांबून म्हणाल्या, "मलाही मूलबाळ नाही. पण बेल वाजली की मी आधी दार उघडते आणि मग विचारते, कोण? पाटकी मला रागावतात त्यावरून."

शिरा संपला होता, त्यांनी चहा केला.

ऑफिसात परत आले तेव्हा गोष्ट आणखी पुढे गेली होती. क्लिपखाली सांगलीच्या कुणा गृहस्थानं लिहिलं होतं, 'हा आवाज नलिनी खरवंडीकर यांचा. लहानपणी सदासुख थिएटरला त्यांचं नाटक बघितलंय. पैज लावायची तयारी आहे.' म्हणजे शेवटी ओळखलं होतं कुणीतरी. पण ते ओळखणंच आमच्या मुळावर आलं होतं.

संग्रामला मी सगळं सांगितलं. तो डोकं धरून ऐकत होता.

"म्हणजे बघ," तो म्हणाला, "आपल्या खेळात पोरगा न्हाई. ती थाप न्हाई. हे आपलं न्हवं म्हटलं तर ते खोटं हाय काय? न्हाई. कुणीतरी हौसेनं केलंय, म्हणायचं. श्रीनिधी ऐकंल."

"मग झालं की."

"आवाज?" तो म्हणाला.

माझ्या तेव्हा लक्षात आलं. खेळ बाजारात आला आणि त्यातली म्हातारी बाईंच्या आवाजात बोलली, की आमचा नकार त्याच क्षणी खोटा ठरणार. क्लिप आमची नव्हती हे खरं राहायचं, तर खेळात बाई राहता कामा नयेत.

"आपण शेवटच बदलू," मी म्हटलं. "बाईंचाच घेऊ. मुलगा आत आणू. माझ्यापेक्षा चांगलं आहे ते."

"मला कळत न्हाई व्हय? काल रात्री तीनदा ऐकलंय मी ते. पर आता ते सगळ्या जगाला पाठ झालंय, शलाका. पाठ झालेलं कोण इकत घेईल? आपल्याला वाचवायला एकच गोष्ट हाय, की फुटलं ते आपलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं फुलेवाडीला गेलो. संग्रामनं आत शिरल्या शिरल्या बाईंच्या पायांना हात लावला. बाईंनी त्याला आशीर्वाद दिला, त्याच्या आईची चौकशी केली. आणि तो काही बोलायच्या आत मोबाईल माझ्या हातात दिला.

"वाच. मोठ्यानं वाच."

ग्रुपवर कुणीतरी ते सांगलीकराचं म्हणणं टाकलं होतं आणि खाली विचारलं होतं, 'बाई, हा आवाज तुमचा आहे म्हणतात. खरं का?' त्याच्याखाली आणखी दोघा-तिघांनी विचारलं होतं. एकीनं लिहिलं होतं, 'नलूताई, सांगा ना.'

"सकाळपासून आलंय," बाई म्हणाल्या. "मी लगेच नाही उत्तर दिलं. जरा थांबावं. काय लिहायचं याच्या दोन ओळी जुळवून ठेवल्यात." त्या इतक्या आनंदात होत्या की संग्राम खाली बघायला लागला.

पण सांगणं भाग होतं, आणि त्यानं सांगितलं. आडवळण घेतलं नाही, ते मला आवडलं. बाईंचं सगळं ध्वनिमुद्रण पुसायला लागेल. म्हातारीचं काम दुसरी कुणीतरी करेल. खेळाच्या शेवटी नावं येतात त्यांत बाईंचं नाव असणार नाही. आणि लोक आता त्यांच्या मागावर आलेत, तेव्हा हा आवाज माझा नाही, असं खुद्द बाईंनीच म्हटलं पाहिजे.

"म्हणजे माझं काहीच राहणार नाही?"

"न्हाई, बाई."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर खेळ बंद. आमचं हापिस पण. मी तुम्हाला जबरदस्ती करनार न्हाई. तुमच्या नावाची गोष्ट हाय."

बाई उठल्या, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना. आम्ही दोघं त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये शाळेतल्या पोरांसारखे बसून होतो.

"मिरजेला एकदा मला ताप भरला होता," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "उभं राहवत नव्हतं. तिसरी घंटा झालेली. आमच्यातल्याच एका मुलीला माझं लुगडं नेसवलं, माझे दागिने घातले, आणि मी विंगेत खुर्ची टाकून बसले. प्रयोग झाला." त्या वळल्या. "नटाची बदली होते, संग्रामराव. प्रयोग रद्द होत नाही. तुम्ही जा. श्रीनिधी का कोण, त्यांना कळवा. शलाका थांबेल माझ्यापाशी. मला मोबाईलवर नीट लिहिता येत नाही."

संग्राम गेला. जिन्यात थांबलेली त्याची पावलं बऱ्याच वेळानं उतरताना मला ऐकू आली.

खेळ पुढे बाजारात आला. म्हातारीचं काम पुण्याच्या एका बाईंनी केलं. चांगलं केलं, मला तक्रार करायला जागा नाही. म्हातारीनं सोनंच घेतलं. खेळ बरा चालला, मग नव्या खेळांच्या गर्दीत मागे पडला. पुढे संग्रामची कंपनी एका मोठ्या कंपनीत विरघळली आणि मी कोल्हापूर सोडलं. बाईही आता नाहीत, म्हणून एवढं बोलतेय. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी मोबाईल हातात घेऊन बसले होते आणि बाई शेजारच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून, ताठ.

"लिही. 'सस्नेह नमस्कार.'"

लिहिलं.

"'आपण सर्वांनी आठवण काढलीत, आनंद झाला. पण तो आवाज माझा नाही.'" त्या थांबल्या. "पण नको. नुसतं 'तो आवाज माझा नाही' असं लिही. 'गैरसमज नसावा. नलिनी खरवंडीकर.'"

"तुम्ही जुळवलेल्या दोन ओळी कुठल्या होत्या, बाई?"

"राहू दे त्या. पाठव."

मी पाठवलं. बाईंनी चष्मा लावून पडद्याकडे बघितलं, मग पुन्हा काढून ठेवला. "काय येईल ते तू वाच."

आधी कुणाचे तरी जोडलेले हात आले. मग एक अंगठा. मग काही वेळ काहीच नाही. मला वाटत होतं, यांच्याबरोबर रात्रंदिवस काढलेली ही माणसं. एकाच गाडीत झोपलेली, एकाच ताटात जेवलेली. यांतलं कुणीतरी म्हणेलच, काय थट्टा करता बाई, आम्ही तुम्हाला ओळखत नाही होय? कुणीतरी म्हणावं, असं मला फार वाटत होतं. मग मोठा मजकूर आला. आप्पा कुरुंदवाडकरांचा.

"हे कोण?"

"आमचे नायक. पंचवीस वर्षं माझ्यासमोर उभे राहिलेत. वाच ना."

मी मनातल्या मनात वाचलं आणि मला तो मोबाईल खिडकीतून फेकून द्यावासा वाटला.

"शलाका."

"'मला पहिल्यापासून शंका होती,'" मी वाचायला लागले. "'मी त्या वेळीच घरात म्हणालो की हा आवाज आपल्या बाईंचा नव्हे. बाईंचा आवाज आता एवढा लागत नाही, आणि उमेदीतही त्यांना इतकं हळू बोलणं जमत नसे. ही कोणी तरुण, तयारीची नटी आहे. एवढ्या वर्षांत असं काम ऐकलं नाही. कोणाला ठाऊक असेल तर कृपया नाव कळवावे.'"

त्याच्या पाठोपाठ भराभर येत गेलं. 'अगदी बरोबर, आप्पा.' 'मलाही तेच वाटलं.' आणि ती, सांगा ना म्हणणारी, तिनं लिहिलं, 'तरीच.' सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. एकालाही दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं नाही.

मी बाईंच्या हातावर हात ठेवला. तो गार होता.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

"बाई, कशाला?"

"आप्पाचं. वाच."

मी पुन्हा वाचलं. या वेळी बाईंनी डोळे मिटून ऐकलं. 'एवढ्या वर्षांत असं काम ऐकलं नाही' हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी माझा हात जरा दाबला, म्हणजे मी तिथं थांबावं.

"पंचवीस वर्षांत आप्पानं एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "विंगेत यायचा आणि म्हणायचा, तिसऱ्या अंकात आवाज चिरकला." त्या हसल्या, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. "म्हणजे झालं होतं तर चांगलं."

"फार चांगलं झालं होतं, बाई."

"तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

बऱ्याच वेळानं त्यांनी चष्मा लावला आणि मोबाईल माझ्याकडे सरकवला.

"आप्पाला उत्तर लिही. नाहीतर तो वाट बघत बसेल. लिही, त्या मुलीचं नाव मलाही ठाऊक नाही. कळलं की कळवीन."

मी लिहिलं, आणि बाईंच्या नावानं पाठवलं.